जामीन

जामीन : अटकेत असलेल्या अथवा अटकेची भीती असलेल्या आरोपीस, बोलावले असता न्यायालयात हजर राहण्याच्या हमीवर मोकळे ठेवण्याची कायदेशीर व्यवस्था. आरोपीने स्वतः लिहून दिलेल्या हमीस जातमुचलका व त्याच्याकरिता हमी घेणाऱ्या इसमास जामीनदार म्हणतात. जामीन देणे म्हणजे आरोपी निर्दोष ठरविणे नव्हे. तसेच जामीन नाकारणे ही शिक्षाही नव्हे.

भारतात हा विषय पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ व १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ यांनी नियमित केला आहे. जामीनपात्र गुन्ह्यांत जामीन हा आरोपीचा हक्क असतो (कलम ४७८). बिनजामीनपात्र गुन्ह्यांत तो न्यायालयाच्या विवेकाधीन असतो (कलमे ४८० व ४८३). देहान्त किंवा आजन्म कारावासाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात आरोपी दोषी असल्याचे मानण्यास वाजवी कारण दिसल्यास न्यायदंडाधिकाऱ्यास सामान्यतः जामीन देता येत नाही. मात्र बालक, स्त्री, आजारी व विकलांग व्यक्ती यांना अपवाद करता येतो. अटकपूर्व जामीन कलम ४८२ खाली सत्र किंवा उच्च न्यायालय देते. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल न झाल्यास, जामीन देण्याची तयारी असलेल्या आरोपीस मुक्त होण्याचा हक्क प्राप्त होतो.

विवेकाधिकार वापरताना आरोपाचे स्वरूप व संभाव्य शिक्षा, सकृत्‌दर्शनी पुरावा, आरोपी पळून जाण्याची, साक्षीदारांवर दबाव आणण्याची किंवा पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता, त्याचे वय व प्रकृती, तसेच खटल्यास लागणारा विलंब या गोष्टी पाहिल्या जातात. या टप्प्यावर पुराव्याची सखोल छाननी करावयाची नसते. तुरुंगाऐवजी जामीन हा सर्वसाधारण नियम होय, असे सर्वोच्च न्यायालयाने बालचंद प्रकरणात (१९७७) सांगितले.

विशेष अधिनियमांत हा नियम उलटतो. बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७ याच्या कलम ४३ घ (५) नुसार आरोप सकृत्‌दर्शनी खरा मानण्यास वाजवी आधार असल्यास जामीन देता येत नाही. याचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी पोलीस ठाण्यात २०१३ मध्ये नोंदलेल्या गुन्ह्यात आढळते. त्यातील एक आरोपी, चाकाच्या खुर्चीवर अवलंबून असलेले प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना मे २०१४ मध्ये अटक झाली. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकृतीच्या कारणावरून त्यांना तात्पुरता जामीन दिला; डिसेंबरमध्ये नागपूर खंडपीठाने त्यांना पुन्हा तुरुंगात जाण्यास सांगितले; एप्रिल २०१६ मध्ये महत्त्वाचे साक्षीदार तपासून झाले असल्याने सर्वोच्च न्यायालयाने जामीन मंजूर केला. मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली. ५ मार्च २०२४ रोजी नागपूर खंडपीठाने सर्व आरोपींना निर्दोष ठरविले. तत्पूर्वी ऑगस्ट २०२२ मध्ये एका सहआरोपीचा कैदेतच मृत्यू झाला होता. अशा अधिनियमांखालीही दीर्घ विलंब झाल्यास घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे नजीब प्रकरणात (२०२१) ठरले.

आदेश मिळाला म्हणजे सुटका झाली, असे नसते. जामीनदाराला आपली ऐपत दाखवावी लागते. अहेरी, एटापल्ली, भामरागड यांसारख्या अरण्यप्रधान तालुक्यांत ही अट विशेष जड जाते. वनहक्क अधिनियम, २००६ याखाली मिळालेली जमीन वारसांकडे जाते, पण हस्तांतरित करता येत नाही. म्हणून ऐपतीचा पुरावा या दृष्टीने तिचे मोल मर्यादित राहते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीस पूर आला की भामरागडचा मार्ग तुटतो आणि जामीनदारास न्यायालयात पोहोचणेही दुष्कर होते. मोतीराम प्रकरणात (१९७८) एका गवंड्याकडून दहा हजार रुपयांचा जामीन मागून, दुसऱ्या जिल्ह्यात मालमत्ता असलेला त्याचा भाऊ जामीनदार म्हणून नाकारण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत अनुचित ठरवून त्याची एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सुटका केली.

जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात जामीनदार देऊ न शकणारा आरोपी आता निर्धन मानला जातो व त्यास जातमुचलक्यावर सोडावे लागते. ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामिनाची पूर्तता महिन्याभरात न झाल्यास न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावयाचा असतो. कलम ४७९ प्रमाणे कमाल शिक्षेचा निम्मा, व पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरलेला नसल्यास एक-तृतीयांश, काळ कैदेत काढलेल्या कच्च्या कैद्यास सोडण्याची तरतूद आहे. देहान्त वा आजन्म कारावासाच्या गुन्ह्यांस आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यांस ती लागू नाही.