पहिला ठेका देताना

गावात धान भरडायची एक लहानशी गिरणी आहे असे समजा. मालक स्वतः मोटार चालवतो. घरची बाई पैसे घेते आणि हिशेब ठेवते. मुलगा पोती उचलू लागतो. दहा वर्षे असे चालले. आता धान वाढले. पोती अंगणात पडून राहतात, अवकाळी पाऊस आला की भिजतात. मालकाच्या मनात येते, बाजूला टिनाची एक शेड बांधावी. आणि दिवाळीनंतर गर्दी असते तेव्हा पोती चढवण्या-उतरवण्याचे कामही कोणाला तरी ठेक्याने देऊन टाकावे. म्हणजे डोक्याचा ताप गेला!

तुमसर, मोहाडी, पवनी, लाखांदूर या बाजूला असे लहान धंदेवाले पुष्कळ आहेत. कोणाची गिरणी, कोणाची वीटभट्टी, कोणाचे कोशाचे माग. आजवर सगळे घरच्या हातांनी झाले. आता पहिल्यांदाच बाहेरच्या माणसाला काम तोडून द्यायचे आहे. त्याआधी काय तयारी करावी, ते आम्ही येथे सांगत आहोत.

आपला मालक दोन कामे देणार आहे. शेडचे आणि पोत्यांचे. दोन्हींना तो ठेकाच म्हणतो. पण ही दोन कामे सारखी आहेत काय? नाहीत. का नाहीत, हे समजायला विडीच्या धंद्याकडे पाहू.

भंडारा-गोंदियाकडे विडीचा धंदा जुना आहे. त्यात सट्टेदार नावाचा माणूस असतो. कारखानदार त्याला तंबाखू देतो, तेंदूची पाने देतो. सट्टेदार गावागावांत विड्या वळवून घेतो आणि कारखान्यात पोचवतो. तेथे विड्या तपासतात. चांगल्या निघतील तेवढ्यांचे पैसे मिळतात. खराब निघाल्या त्या छाट. आता हा सट्टेदार कारखान्याचा नोकर, की स्वतंत्र ठेकेदार? हा वाद दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

मध्य प्रदेशातील सागर येथील एका विडी कारखान्यात काही सट्टेदार आलेले होते. त्यांची नावे कामगारांच्या रजिस्टरात नाहीत, म्हणून खटला झाला. १९५८ साली न्यायालयाने सांगितले, हे कामगार नव्हेत, स्वतंत्र ठेकेदार आहेत. का? सट्टेदाराने कारखान्यात बसून काम केलेच पाहिजे असे बंधन नव्हते. त्याने विड्या स्वतः वळाव्यात किंवा आपल्या पैशाने माणसे लावून वळवाव्यात. मालकाला फक्त तयार विड्यांशी मतलब.

त्यानंतर दोन-तीन वर्षांतच नागपूरच्या एका विडी कारखान्याचा वाद तेथे गेला. या कारखान्यात माणसे कारखान्यात बसूनच विड्या वळत. मजुरी विड्यांच्या नगावर मिळे. येण्या-जाण्याची थोडी मोकळीक होती. पण दुपार टळल्यावर आले तर तंबाखू मिळत नसे. हजेरी लागे. मालक म्हणाला, हे माझे नोकर नव्हेत. न्यायालय म्हणाले, नोकरच आहेत, आणि त्यांना रजेचा पगार द्या.

फरक ध्यानात आला ना? कागदावर काय लिहिले, याला फारशी किंमत नाही. काम कसे करायचे, कोठे बसून करायचे, कोणाच्या हाताने करायचे, यावर हुकूम कोणाचा चालतो हे पाहतात. नगावर पैसे दिले म्हणून कोणी ठेकेदार होत नाही.

पुढे १९६६ साली संसदेने विडी कामगारांसाठी वेगळा कायदा केला. घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा त्यात कामगार धरली गेली. मधे सट्टेदार घातला म्हणून तिचे हक्क बुडू नयेत, हा हेतू. माल किती दिला, विड्या किती छाटल्या, यावरून होणारी भांडणे सोडवण्याची तजवीजही त्यात होती. तो कायदा आता नव्या श्रमसंहितांत मिळाला आहे. या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या.

आता आपल्या गिरणीकडे वळू. पोती चढवणारे तेच दोघे रोज यायचे, मालक म्हणेल त्या वेळी यायचे, मालक बोट दाखवील ते पोते उचलायचे. मग त्यांच्याकडून ‘आम्ही ठेकेदार आहोत’ असे कितीही लिहून घ्या, ते मजूरच. त्यांना सरकारने ठरवलेली किमान मजुरी मिळालीच पाहिजे. आमचे मत विचाराल तर या कामाचा ठेका देऊच नये. मजूर म्हणून ठेवावे, हजेरी लिहावी, रोज मोजून द्यावा. ठेक्याचे नाव घालून चार पैसे वाचवायला जावे आणि पुढे मागची सगळी बाकी एकदम भरावी लागावी, हा कसला धंदा?

शेडचे काम मात्र खरे ठेक्याचे आहे. मिस्त्री आपली हत्यारे आणील, आपली माणसे आणील, काम संपले की जाईल. येथे ठेका शोभतो. पण भांडणे येथेच जास्त होतात.

आमचीच फजिती सांगतो. आम्ही मुख्याध्यापक असताना शाळेच्या आवाराची भिंत बांधायची होती. एका मिस्त्रीशी बोलणे झाले. ‘ब्रासला इतके’ एवढेच ठरले. कागद नाही. मिस्त्रीही आमच्यासारखाच भला माणूस, मग कागद कशाला? भिंत अर्धी झाली आणि तो म्हणाला, ‘गुरुजी, पायाची खोदाई ठेक्यात नव्हती.’ आम्ही म्हटले, पायाशिवाय भिंत कोण बांधतो? तो म्हणाला, गिलावा आम्ही चौरस फुटांवर मोजतो, तुम्ही घनफुटांवर धरला. दगड-वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि गिलाव्याचा किंवा फरशीचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द एक, मापे दोन! मुलांना गणित शिकवणाऱ्याला हे विचारायचे सुचले नाही. पैसे संपले. अर्धी भिंत दिवाळीपर्यंत तशीच उभी होती, आणि शेळ्या खुशाल आत येत होत्या.

तोंडी करारही कायद्याने करारच असतो. १८७२ सालचा करार कायदा तसे मानतो. पण तोंडचे बोलणे सिद्ध कोण करणार? म्हणून चिठ्ठी करावी. वकिली भाषा नको. अशी लिहावी:

‘गिरणीच्या उगवत्या बाजूला शेड. लांबी ३० फूट, रुंदी २० फूट, भिंतीची उंची १० फूट. पाया खोदणे, विटांची भिंत, आतून-बाहेरून गिलावा, टिन बसवणे, एवढे काम. फरशी यात नाही. विटा, वाळू, सिमेंट, लोखंड, टिन मालक देईल. हत्यारे आणि चढायचे बांबू मिस्त्रीचे. मजुरी एकंदर ६०,००० रुपये. काम मे महिनाअखेर पुरे करायचे. वाढीव काम निघाले तर आधी दर ठरवून याच कागदावर लिहायचे.’

खाली तारीख, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. आकडे आम्ही उदाहरणासाठी घातले आहेत. तुमच्या गावचा दर दोन-तीन मिस्त्र्यांना विचारून काढा. त्यांचे आधीचे काम स्वतः पाहून या, आणि त्या घरच्या बाईला विचारा. छप्पर गळते की नाही हे तिच्याइतके कोणालाच माहीत नसते.

पैसे एकदम देऊ नका. १०,००० इसार. भिंती उभ्या झाल्यावर २०,०००. टिन बसल्यावर २०,०००. उरलेले १०,००० पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत हातात ठेवा. हेही चिठ्ठीत लिहा, नाहीतर मिस्त्रीला वाटेल तुम्ही पैसे बुडवले. इसार मात्र वेळेवर द्या. त्यालाही आपल्या मजुरांना शनिवारी काहीतरी द्यावे लागते.

सिमेंट तुमचे असेल तर पोती मोजून द्या आणि रिकामी पोती मोजून परत घ्या. यात मिस्त्रीवर संशय नाही. हिशेब साफ राहिला तर त्यालाही बरे.

आता एक कठीण गोष्ट. मिस्त्रीचा मजूर वरून पडला तर? पुष्कळांना वाटते, तो आपला माणूस नव्हे, आपल्याला काय त्याचे? सावध राहा. काम तुमच्या धंद्याचाच भाग असेल, तर ठेकेदाराच्या मजुराला भरपाई थेट मालकाकडून मागता येते. मालकाने ती मग ठेकेदाराकडून वसूल करावी. हा नियम १९२३ सालच्या कायद्यापासून चालत आला आहे. नवी शेड बांधणे हे धान भरडण्याचे काम नव्हे, हे खरे. पण पडलेला माणूस तुमच्याच अंगणात पडलेला असतो. म्हणून बांबू मजबूत आहेत का, विजेची तार वरून जाते का, हे पहिल्या दिवशीच मिस्त्रीबरोबर फिरून पाहा. पोरासोरांना वर चढवू देऊ नका.

काम सुरू झाल्यावर रोज डोक्यावर उभे राहू नये. किती वाजता आलास, हा मजूर का आणलास, तो का आणला नाहीस, असे विचारत बसाल तर ठेका कशाला दिलात? भिंत ओळंब्यात आहे का ते पाहा, माप घ्या, चूक दिसली तर मिस्त्रीला सांगा. त्याच्या मजुरांना परस्पर हुकूम करू नका.

चिठ्ठी सही करण्याआधी मोठ्याने वाचावी. आता तुम्हाला वाचता येते. मिस्त्रीला येत असेलच असे नाही. त्याचा अंगठा घ्यायचा असेल तर साक्षीदारांसमोर सगळी चिठ्ठी त्याला वाचून दाखवा आणि एक नक्कल त्याच्याजवळ द्या. कोऱ्या कागदावर सही घेऊ नये, देऊ नये.

मग मृगाचा पाऊस येईल. रात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन शेडमध्ये जा. टिनाचे जोड पाहा, भिंतीच्या कडेची पोती हाताने चाचपा. कोरडी असली तर सकाळी मिस्त्रीला बोलावून उरलेले १०,००० द्या, आणि पावती घ्या.