परभाषेतली गाणी आणि एक निवेदक

देशोदेशीचे संगीत रेडिओवरून सामान्य श्रोत्यांपर्यंत नेणाऱ्या निवेदकांत ब्रिटनच्या चार्ली गिलेट (१९४२-२०१०) यांचे स्थान फार वरचे आहे. सुरुवातीला ते अमेरिकी संगीताचे अभ्यासक होते. रॉक अँड रोलच्या उदयावरचा त्यांचा ‘द साउंड ऑफ द सिटी’ हा ग्रंथ १९७० साली निघाला आणि १९७२ पासून बीबीसी रेडिओ लंडनवर ‘हाँकी टाँक’ हा त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. ऐंशीच्या दशकात मात्र त्यांचा कान आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेकडे वळला. पुढे बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसमुळे त्यांचा आवाज आणि त्यांनी निवडलेली गाणी जगभर पोहोचली.

‘वर्ल्ड म्युझिक’ हे नाव त्याच काळातले. १९८७ च्या जून महिन्यात लंडनच्या ‘एम्प्रेस ऑफ रशिया’ या पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसे आणि काही निवेदक जमले. गिलेटही त्यांत होते. अडचण साधी होती. माली, सेनेगल किंवा बल्गेरियाची रेकॉर्ड दुकानात आली, तर ती कोणत्या खणात ठेवायची हे दुकानदाराला कळत नसे. त्या खणासाठी एक नाव ठरवण्यात आले. म्हणजे हा संगीताचा प्रकार नव्हे, ती विक्रीची सोय होती.

रेडिओला अशा खणांची गरज नसते. सेनेगलच्या गाण्यामागे पोर्तुगालचे फादो गाणे लावता येते आणि त्या दोहोंतले नाते श्रोत्याला आपोआप ऐकू येते. गिलेट यांचे खरे कसब या क्रमात होते. ते पांडित्य मिरवत नसत. गायक कोण, कुठला, एवढे सांगून गाणे सुरू करत. ‘रेडिओ पिंग पाँग’ या त्यांच्या प्रयोगात पाहुणा आपल्या आवडीच्या रेकॉर्डी घेऊन येई आणि दोघे आळीपाळीने एकेक वाजवत. समोरून काय येईल ते आधी ठाऊक नसे, म्हणून उत्तरही तिथल्या तिथे शोधावे लागे.

अनोळखी संगीतात भाषेपेक्षा सुरांची सवय अधिक आड येते. बल्गेरियाच्या स्त्रियांचे समूहगान हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. तिथे अगदी लगतचे दोन स्वर एकाच वेळी, मोकळ्या खड्या आवाजात लावतात. रागसंगीतावर पोसलेल्या कानाला ते प्रथम बेसूर वाटते. पण दोन-तीनदा ऐकले की त्या घर्षणातला झणका कळू लागतो, आणि मग तो नसेल तर गाणे मिळमिळीत वाटते. तालाच्या बाबतीत मात्र मराठी श्रोता आधीच तयार असतो. रूपकाच्या सात मात्रा तीन-दोन-दोन अशा विभागतात, तर तिथल्या ‘राचेनित्सा’ या नाचात त्याच सात दोन-दोन-तीन अशा येतात. असे समूहगान गाणाऱ्या एका प्रसिद्ध गायकवृंदाची सुरुवातही रेडिओतच झाली: १९५२ साली तो बल्गेरियन रेडिओचा लोकसंगीत विभाग म्हणून उभा राहिला. स्वित्झर्लंडच्या मार्सेल सेलिए यांनी १९७५ मध्ये अशा गाण्यांचा संग्रह काढला. १९८६ साली तो ब्रिटनमध्ये पुन्हा निघाला आणि पुढच्या भागाला १९९० मध्ये ग्रॅमी मिळाले.

मालीचे अली फार्का तुरे यांची कहाणीही रेडिओशी बांधलेली आहे. गिटारवादक तुरे बामाको येथे रेडिओ मालीवर ध्वनितंत्रज्ञ होते. त्यांच्या रेकॉर्डी पॅरिसमधून निघत. त्यांतली एक बीबीसीचे निवेदक अँडी कर्शॉ यांच्या हाती लागली, त्यांनी ती ब्रिटनच्या श्रोत्यांना ऐकवली आणि १९८७ साली तुरे लंडनमध्ये गायले. १९९४ च्या ‘टॉकिंग टिंबक्टू’ या अल्बममध्ये त्यांच्या साथीला अमेरिकेचे राय कूडर आहेत. अमेरिकी गायक जॉन ली हुकर यांचे ब्लूज प्रथम कानावर पडले तेव्हा तुरे यांना ते आपल्याच मुलखातले संगीत वाटले होते. दोन्ही लागोपाठ ऐकणाऱ्याला यात नवल वाटत नाही.

‘वर्ल्ड म्युझिक’ या नावावरचा वाद मात्र संपला नाही. पाश्चात्त्य सोडून उरलेले सगळे एका पोत्यात कोंबणे अपमानास्पद आहे, हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकी संगीतकार डेव्हिड बर्न यांनी १९९९ मध्ये तो जाहीरपणे मांडला. २०२० साली ग्रॅमीनेही आपल्या पुरस्काराच्या नावातला ‘वर्ल्ड’ काढून ‘ग्लोबल’ घातला. शब्द बदलला, पोते तेच राहिले. गिलेट यांच्यासारखा निवेदक हे पोते उघडतो आणि एकेका गायकाला त्याच्या नावागावासह समोर आणतो.

आज मोबाइलवर सगळे मिळते. पण ॲप बहुतेकदा आवडलेल्यासारखेच पुढे करते. न मागितलेले गाणे विश्वासाने ऐकवायला जाणता माणूसच लागतो. अमेरिकेत १९८८ मध्ये सुरू झालेला आणि कॅमेरूनमध्ये जन्मलेल्या जॉर्ज कॉलिने यांच्या आवाजाने ओळखला जाणारा ‘अफ्रोपॉप वर्ल्डवाइड’ हा असाच कार्यक्रम आहे, आणि तो इंटरनेटवरून भारतातही ऐकता येतो.