कणगी रिकामी असताना

अवर्षणाच्या वर्षी माणसे उपाशी राहतात ती धान्य पिकले नाही म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ज्याचे शेत पिकले नाही त्याचे धान्य गेले हे उघडच आहे. परंतु ज्याला शेतच नाही त्याची मजुरी त्याच्याही आधी जाते. खुरपणी नाही, काढणी नाही, मळणी नाही. मग दुकानात पोत्यांची थप्पी लागलेली असली तरी त्याच्या घरची चूल पेटत नाही.

हे ओळखून श्री. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे १९६५ साली मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग आरंभिला. त्याची खरी कसोटी १९७२-७३ च्या दुष्काळात लागली. स्वस्त धान्य दुकानांतून मिलो मिळत होता, सुकडी वाटली जात होती. पण तो मिलो विकत घेण्यास लागणारा पैसा आला खडी फोडून आणि माती वाहून. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लक्ष स्त्री-पुरुष अशा कामांवर होते. गावोगावच्या आजीबाई आजही त्या वर्षाला नुसते ‘बहात्तर’ म्हणतात. दुष्काळ हा शब्द जोडावा लागत नाही.

दुष्काळ संपल्यावर ही व्यवस्था मोडली नाही, हे विशेष होय. १९७५ साली शहरांतील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला आणि त्यातून रोजगार हमीचा खर्च भागू लागला. १९७७ च्या अधिनियमाने काम मागणे हा हक्क ठरला; तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. पुढे २००५ साली देशाने जो कायदा केला, त्याचे मूळ येथे आहे.

तथापि सगळेच काम सारख्या मोलाचे नसते. पुढच्या पावसात वाहून जाणाऱ्या रस्त्याने त्या आठवड्याची भाकरी मिळते, पुढच्या वर्षाची नाही. पाझर तलाव व नाला बांध यांनी विहिरींना पाणी राहते. १९९० साली फळबाग लागवड या योजनेशी जोडली गेली, तेव्हा लहान शेतकऱ्यास स्वतःच्याच शेतात मजुरीही मिळू लागली आणि बागही. सीताफळाचे ६० सेंटिमीटरचे खड्डे, ५ मीटर अंतरावर, उन्हाळ्यात खणावयाचे असतात. कणगी तळाला जाते तीही त्याच दिवसांत.

एक दोष मात्र लपवून चालणार नाही. माझ्या पाहण्यातल्या एका कामावर हजेरीपट भरले गेले, मोजमाप राहिले आणि मजुरी मृग उलटून गेल्यावर हाती पडली. तोवर एका बाईने पेरणीसाठी जपलेली ज्वारी दळून घरच्यांना खाऊ घातली होती आणि बियाणे उसने आणले होते. मी तिला खड्डे कसे भरावेत हे समजावीत होतो. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “साहेब, पगार कधी?”

म्हणून मजूर बंधू-भगिनींनी कामाची मागणी लेखी द्यावी, तारखेची पोच घ्यावी, आणि दर आठवड्याचे मोजमाप आपल्यासमोर झाल्याखेरीज हजेरीपटावर अंगठा उठवू नये.