रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला, आता?

दिवस गेले की पहिल्या भेटीतच डॉक्टर रक्त तपासायला पाठवतात. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, कावीळ... आणि त्याच यादीत कुठं तरी ‘एच.आय.व्ही.’ असं लिहिलेलं असतं. बहुतेक जणींची नजरही तिथं ठरत नाही. ‘असल्या गोष्टींशी आपला काय संबंध?’ म्हणत कागदाची घडी पर्समध्ये जाते.

संबंध आहे. आपल्याकडे ज्या विवाहित स्त्रियांना हा संसर्ग झालेला आढळतो, त्यांतल्या बऱ्याच जणींना तो नवऱ्याकडूनच झालेला असतो. मंगळसूत्र काही विषाणूला अडवत नाही! आणि नवऱ्याला तरी ते ठाऊक असतं का? विषाणू अंगात शिरल्यावर आठ-आठ, दहा-दहा वर्षं माणूस धडधाकट हिंडतो-फिरतो. तेव्हा ‘कुणी कुणाला दिलं’ हे भांडण नंतर. आधी रिपोर्टाची खात्री करा. एका चाचणीवर शिक्कामोर्तब करायचं नसतं. सरकारी रुग्णालयातल्या आय.सी.टी.सी. केंद्रात, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, वेगवेगळ्या तीन चाचण्या करून मगच निदान सांगतात. पैसे पडत नाहीत. शिवाय समोर बसून ऐकून घेणारं माणूस असतं. मनातलं सगळं विचारा. रडू येईल, येऊ द्या.

एके काळी हे निदान म्हणजे मृत्यूचं बोलावणंच वाटे. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातले पहिले बाधित शोधले. (सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे?) तेव्हा हाताशी औषध नव्हतं. २००४ च्या एप्रिलपासून सरकारी ए.आर.टी. केंद्रांतून ते मोफत मिळू लागलं, आणि २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला, प्रकृती बरी असो वा नसो, औषध सुरू करण्याचं धोरण आहे. पूर्वी मूठभर गोळ्या गिळाव्या लागत. आता बहुतेकांना तीन औषधं एकत्र केलेली एकच गोळी दिवसाला पुरते.

ही गोळी विषाणूची वाढ थोपवते, पण तो मुळासकट जात नाही. शरीराच्या कानाकोपऱ्यात थोडा दडून राहतोच. गोळी थांबली, की चमचाभर विरजणानं पातेलंभर दूध लागावं तसा तो पुन्हा वाढतो. वरचेवर खाडे झाले तर पुढं औषधालाच दाद देईनासा होतो. म्हणून गोळी जन्मभर, रोज, ठरल्या वेळी.

आता सांगा, घरात कुणालाच कळू द्यायचं नाही म्हटल्यावर रोजची गोळी घेणार कशी? इथंच सगळं अडतं. बाई बाटली तांदळाच्या डब्यात लपवते. सासूबाई स्वयंपाकघरात असल्या की गोळी राहते. नणंदेच्या लग्नात चार दिवस खाडा, माहेरी गेलं की आठवडाभर. दुखण्यापेक्षा ही लपवाछपवीच महागात पडते. साऱ्या गल्लीला सांगा असं कोण म्हणतंय? पण घरात एक तरी माणूस असं हवं, ज्याच्यासमोर त्या बाटलीचं झाकण उघडता येईल. नवऱ्याशी कसं बोलावं कळत नसेल तर दोघं मिळून समुपदेशकासमोर बसा. मारहाणीची भीती असेल तर ती आधी तिथं सांगा, एकटीनं घरी विषय काढू नका. नवऱ्याची तपासणी मात्र व्हायलाच हवी, आधीची मुलं असतील तर त्यांचीही.

बाटली गॅसजवळच्या फळीवर किंवा न्हाणीघरात ठेवू नका, कोरडी जागा बघा. आतली ओल शोषणारी पुडी टाकून देऊ नका. वेळ अशी निवडा, जी रोज येतेच: रात्री ओटा आवरल्यानंतरची म्हणा, मालिका सुरू होण्याची म्हणा. विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम नकोत. चतुर्थी-एकादशीलाही गोळी चुकवायची नाही. नुसत्या पाण्याबरोबर चालते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांशी मात्र तिचं जरा वाकडं आहे. सध्याच्या गोळीत डोल्यूटेग्राविर नावाचं औषध असतं. ते उपाशीपोटी लोह-कॅल्शियमबरोबर घेतलं तर अंगी नीट लागत नाही. भरल्या ताटावर एकत्र घ्या, नाही तर आधी ए.आर.टी.ची गोळी आणि दोन तासांनी लोह-कॅल्शियम. ते आधी घेऊन झालं असेल तर मध्ये सहा तास जाऊ द्या. गरोदरपणात या गोळ्या रोजच असतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

सहा महिन्यांनी रक्तातला विषाणू मोजतात. नेमानं गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांचा तो इतका खाली जातो की चाचणीत सापडतच नाही. तसा तो कायम राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. आता हे पक्कं सिद्ध झालं आहे. तोवर निरोध हवाच.

हा अंक सासूबाईंच्याही हाती पडत असेल, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. सुनेचं ताट वेगळं, कपडे वेगळे, ‘पोळ्या तू लाटू नकोस’... यातल्या कशाचीही गरज नाही. एका ताटात जेवून, एका संडासात जाऊन, डास चावून किंवा नातवंडाचा पापा घेऊन हा विषाणू लागत नाही. दाढीचं पातं आणि दातांचा ब्रश तेवढा ज्याचा त्याचा असावा, पण तो तर कुठल्याही घरात असावा! त्यापेक्षा तिचा खोकला रेंगाळतोय का, ताप येतोय का, वजन उतरतंय का, तिकडं लक्ष द्या. या संसर्गात क्षय लवकर गाठतो. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा धोकाही अशा स्त्रियांना सुमारे सहापट असतो, तेव्हा ती तपासणीही वेळच्या वेळी व्हावी.

आणि पोटातलं बाळ? काहीच उपचार नसतील तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून संसर्ग होऊ शकतो. आईनं गोळ्या नीट घेतल्या तर हे प्रमाण पाचाच्या खाली येतं. जन्मानंतर बाळालाही काही आठवडे औषध देतात. अंगावर पाजायचं ठरलं तर पहिले सहा महिने फक्त तेच. थोडं अंगावरचं, थोडं वरचं असं करू नका. सहाव्या आठवड्यात पहिली तपासणी होते, पक्कं उत्तर दीड वर्षानंतर मिळतं. ते दीड वर्ष लांबलचक वाटतं खरं.

नवरा गेल्यावर ‘तूच रोग आणलास’ म्हणत बाईला घराबाहेर काढल्याचं आपण ऐकलेलं आहे. २०१७ साली झालेला एच.आय.व्ही.चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. राहत्या घरातून बाधित व्यक्तीला काढता येत नाही, घरातल्या एखाद्या खोलीत जायलाही मज्जाव करता येत नाही. या आजारापायी नोकरीत किंवा दवाखान्यात तिला वेगळं वागवणंही कायद्याविरुद्ध आहे. शंका असतील तर १०९७ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक फुकट लागतो.