चाळिसाव्या घोटाची चव

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात १९९४ पासून ‘प्रोवाइन’ नावाचं वाइनचं मोठं व्यापारी प्रदर्शन भरतं. हजारो उत्पादक, प्रत्येकाच्या टेबलावर पाच-सहा उघड्या बाटल्या आणि समोर वही घेतलेले खरेदीदार. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, पिकदाणीत थुंकायचा, दोन ओळी खरडायच्या आणि पुढच्या टेबलाकडे सरकायचं. दिवसभरात चाळीसेक वाइन सहज होतात. थुंकत राहिल्याने डोकं बऱ्यापैकी ताळ्यावर राहतं, पण तोंड बिचारं बदलत जातं. ज्या तोंडाने पहिली वाइन जोखली, ते चाळिसावीपर्यंत टिकत नाही.

याला कारण लाळ. लाल वाइनमधलं टॅनिन मुख्यतः द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरतं. आपल्या लाळेत प्रोलीन हे अमिनो आम्ल भरपूर असलेली प्रथिनं असतात. तोंड ओलसर, गुळगुळीत राहतं त्यात त्यांचा वाटा असतो. टॅनिन या प्रथिनांना चिकटतं आणि त्यांचा साका होतो. वंगण गेलं की जीभ टाळूला खरखरीत लागते. मूठभर जांभळं खाल्ल्यावर होतं तेच. म्हणजे तुरटपणा हा चवीपेक्षा स्पर्शाचाच मामला जास्त. लाळ पूर्ववत व्हायला वेळ लागतो आणि प्रदर्शनात तो कोणी देत नाही. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने घोट घेत गेलं की तुरटपणा साचत जातो. तीच वाइन पहिली दिली तर मऊ आणि आठवी दिली तर कडक वाटू शकते. रांगेच्या शेवटी ज्याचं टेबल येतं, त्या उत्पादकाला भुर्दंड बसतो तो असा.

म्हणून जाणकार आधी पांढऱ्या वाइन उरकतात, मग लाल. आधी ड्राय, मग गोड. गोड वाइननंतर ड्राय घेतली तर ती उगीचच आंबट लागते. मध्ये पाणी आणि साधा पाव. टेबलावरच्या चीजकडे मात्र मी संशयानेच बघतो. युरोपातल्या वाइन व्यापाऱ्यांत जुना दंडक आहे : खरेदी सफरचंदावर करावी, विक्री चीजवर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या हिल्डगार्ड हेमन यांनी आठ प्रकारची चीज आणि आठ लाल वाइन यांच्या जोड्या प्रशिक्षित चाखणाऱ्यांना दिल्या. चीजनंतर वाइनचे बहुतेक गुणधर्म बोथट झाले. तुरटपणा झाकला गेला, तसे चांगले वासही. विक्रेत्याच्या आदरातिथ्यात थोडं रसायनशास्त्र असतं ते असं.

इतकी शिस्त पाळून तरी निकाल पक्का लागतो का? रॉबर्ट हॉजसन हे समुद्रविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक, स्वतः वाइनही बनवणारे. आपल्याच वाइनला एका स्पर्धेत पदक आणि दुसरीत काहीच नाही, हे कोडं त्यांना सुटेना. त्यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या परीक्षकांची परीक्षा घेतली. तीसेक वाइनच्या रांगेत काही वाइन तीन-तीनदा पेरल्या होत्या, त्याही त्याच बाटलीतून ओतलेल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पट्ट्यात गुण देणारे परीक्षक साधारण दहा टक्केच निघाले. नावडत्या वाइनबाबत त्यांचं मत जरा जास्त स्थिर होतं. पदकांचे गोल स्टिकर पाहून बाटली उचलणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवायला हरकत नाही.

डोळेही लुडबूड करतात. बोर्दो इथे फ्रेडरिक ब्रोशे आणि सहकाऱ्यांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग घालून दिली, तेव्हा त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. विद्यार्थी मूर्ख नव्हते. वास कशाचा आहे हे ठरवताना मेंदू रंगाची साक्ष काढतोच. काही चाचण्यांत काळे ग्लास वापरतात ते यासाठीच.

आणि दोन नाकं सारखी नसतात, ही अडचण तर कुठल्याच शिस्तीने जात नाही. शिराझ द्राक्षाच्या वाइनला काळ्या मिरीचा वास येतो. तो रोटंडोन नावाच्या रेणूचा, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. लाल वाइनच्या एका लिटरमध्ये १६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे सोळा अब्जांश, इतकं रोटंडोनही नाकाला पुरतं. पण त्या संशोधकांच्या चाचणीत पाचातल्या सुमारे एकाला शेकडो पट जास्त प्रमाणातही वास आला नाही. शिराझ नाशिकलाही पिकते. टेस्टिंग रूममध्ये ‘मिरी लागतेय का?’ असं विचारल्यावर एखादा पाहुणा गोंधळून मान हलवतो, तेव्हा तो नवखाच असेल असं नाही.

त्यामुळे मुरलेले खरेदीदार सहसा एकटे हिंडत नाहीत. दोघं उलट-सुलट क्रमाने चाखतात आणि वह्या शेवटी जुळवतात. पसंत पडलेल्या वाइनचे नमुने कचेरीत मागवून, बाटलीवर कागद गुंडाळून, सकाळच्या वेळी क्रम बदलून पुन्हा चाखतात. ऑर्डरची सही त्यानंतर.