विजेच्या गिटारचा भोपळा

तीसेक वर्षांपूर्वी मी एका गृहस्थांना चुकीचा सल्ला दिला आणि त्याचे हप्ते त्यांनी पतपेढीत तीन वर्षे भरले. त्यामुळे या लेखाची सुरुवात तिथूनच करायला हवी.

मिरजेत आमचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. या गृहस्थांचा मुलगा एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्याच्याजवळ देशी बनावटीची साधी इलेक्ट्रिक गिटार होती आणि पाच इंची स्पीकरचा ट्रान्झिस्टरवाला लहानसा ॲम्प्लिफायर. कॅसेटवर ऐकलेला भरदार, किंचित खरखरीत, लांबवर रेंगाळणारा आवाज त्याला हवा होता आणि तो काही केल्या निघत नव्हता. वडील मला विचारायला आले. चार-दोन जुन्या मासिकांच्या जोरावर मी ठामपणे सांगून टाकले, “आवाज लाकडात असतो. चांगल्या लाकडाची परदेशी गिटार घ्या.” त्यांनी कर्ज काढून ती घेतली. गणपतीत तिसऱ्या दिवशी कार्यक्रम होता, मी मुद्दाम गेलो. आवाज तोच! पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसा. गृहस्थ मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर कदाचित मी पुढची इतकी वर्षे या प्रश्नाच्या मागे लागलो नसतो.

वादक ज्याला ‘टोन’ म्हणतात त्याला आपल्याकडे नादाची जात म्हणतात. एकाच पट्टीतला षड्ज सनईचा की बासरीचा हे ज्यामुळे कळते ती जात. मूळ स्वराबरोबर कोणते स्वयंभू स्वर किती जोराने उमटतात यावर ती बहुतांशी ठरते. तेव्हा गिटार मोठी की ॲम्प्लिफायर, या वादाचा खरा अर्थ असा की, या स्वयंभू स्वरांचे माप कुठे ठरते?

साध्या गिटारीत तारेचे कंपन घोडीतून वरच्या पातळ फळीत उतरते आणि पोकळ पेटी ते हवेत पसरवते. तंबोऱ्यात हेच काम तबली आणि भोपळा करतात. विजेच्या गिटारीचे अंग मात्र बहुधा भरीव असते. वीज न जोडता ती छेडून पाहा, शेजारच्या खोलीतही ऐकू जाणार नाही. तारेखाली पिकअप असतो : लोहचुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. पोलादी तार त्यावर हलली की वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते. एवढेच. गिटारीतून बाहेर पडतो तो आवाज नव्हे, आवाजाचा मजकूर. त्याला हवेत आणण्याचे काम ॲम्प्लिफायर आणि त्याचा स्पीकर करतात. म्हणजे या वाद्याचा भोपळा वाद्याला चिकटलेला नाही. तो चार हातांवर, वायरीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीशी ठेवलेला असतो.

हे ज्यांनी हे वाद्य घडवले त्यांना पक्के ठाऊक होते. १९३० च्या दशकाच्या आरंभी जॉर्ज बोशाम्प आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी बाजारात आणलेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती आणि ती ॲल्युमिनियमची होती. लाकूड त्यात नव्हतेच. (पुढे मुंबईत व्हॅन शिपली यांनी चित्रपटगीतांच्या तबकड्यांनी घरोघरी पोचवली ती याच कुळातली.) १९३६ मध्ये गिब्सनने उभी धरायची गिटार आणली. तिचे नाव ‘ईएस-१५०’, म्हणजे ‘इलेक्ट्रिक स्पॅनिश’. गिटार, जोडीचा ॲम्प्लिफायर आणि केबल असा तो संच सुमारे दीडशे डॉलरना मिळे. दोन्ही मिळून एकच वाद्य, हे तेव्हा दुकानदाराच्याही मनात स्पष्ट होते. पुढे वस्तू वेगवेगळ्या विकल्या जाऊ लागल्या आणि वाद सुरू झाला.

आता ॲम्प्लिफायर नेमके करतो काय? नावाप्रमाणे आवाज नुसता मोठा करत असता तर वादच उरला नसता. रेडिओच्या माणसाला शिकवण असते की लहरीचा आकार न बिघडवता ती मोठी करायची. व्हॉल्व्हच्या ताकदीबाहेर आवाज चढवला की लहरीचे शेंडे चेपतात, सपाट होतात. मी उमेदवारी करत होतो तेव्हा याला ‘आवाज फाटला’ म्हणायचे आणि गिऱ्हाईक सेट परत आणून आपटायचे. पण शेंडा चेपलेल्या लहरीत मूळ स्वरात नव्हते असे किती तरी नवे स्वयंभू स्वर जन्मतात. गिटारवाल्यांना नेमके तेच हवे असते. व्हॉल्व्हमध्ये हे चेपणे हळूहळू सुरू होते, तर साध्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरात कात्रीने कापल्यासारखे एकदम. त्या मुलाच्या डब्यातली माशी ती हीच.

तंतुवाद्य करणाऱ्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला इथे जवारी आठवल्याशिवाय राहत नाही. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कारागीर इतका अचूक उताराचा घासतो की कंप पावणारी तार त्याला पुन्हा पुन्हा निसटती टेकते. खाली दोरा सरकवला की जागा जुळते आणि स्वयंभू स्वरांची झालर उघडते. तारेचे मोकळे हेलकावणे अडवल्यानेच हा नाद समृद्ध होतो. ॲम्प्लिफायरात अडवण्याचे काम विजेत होते, एवढाच फरक. विजेच्या गिटारीचा भोपळाच नव्हे, जवारीही वायरीच्या त्या टोकाला आहे.

यातून एक गंमत होते. चेपणाऱ्या यंत्रात दोन स्वर एकदम घातले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या वजाबाकीचा तिसरा स्वरही बाहेर पडतो. सेकंदाला ११० कंपनांचा षड्ज आणि १६५ चा पंचम घ्या. वजाबाकी ५५, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज! म्हणून षड्ज-पंचमाची जोडी फाटक्या आवाजातही भक्कम, एकजीव लागते. तिसरा स्वर म्हणून त्यात गंधार मिसळला, तोही गिटारीच्या पडद्यांवरचा जरासा चढा, की वजाबाक्या सुरात बसत नाहीत आणि चिखल होतो. रॉक संगीतातले वादक सा-पच्या जोड्यांवर गाणीच्या गाणी का उभारतात, याचे निम्मे उत्तर गिटारीत नसून ॲम्प्लिफायरच्या या गणितात आहे.

इतिहासाने एक सुंदर प्रयोगही करून ठेवला आहे. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा ‘बेसमॅन’ हा ॲम्प्लिफायर मुळात बेस गिटारसाठी होता. ब्रिटनमध्ये अमेरिकन माल महाग पडे. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे ड्रमचे दुकान होते. तिथे केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी १९६२ मध्ये बेसमॅनचीच मांडणी जवळपास जशीच्या तशी घेऊन ‘जेटीएम ४५’ तयार केला. नक्कलच म्हणा. पण सुटे भाग तिकडे मिळाले ते लावले. पहिल्या पायरीला आवाज अधिक वाढवणारा व्हॉल्व्ह आला, शेवटी लवकरच ब्रिटिश केटी ६६ आले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागून उघड्या खोक्यातल्या दहा इंची चार जेन्सन स्पीकरांऐवजी मागून बंद पेटीत बारा इंची चार सेलेस्चन स्पीकर बसले. आराखडा एक, आवाज दोन. बेसमॅन खणखणीत आणि मोकळा, मार्शल दाट आणि छातीवर येणारा. त्या दाट आवाजातून पुढे रॉकची एक अख्खी शाखा फुटली.

माझ्या मते या फरकात सर्वांत मोठा वाटा स्पीकरचा, आणि ज्याची चर्चा सर्वांत कमी होते तोही तोच. कागदी शंकूचा बारा इंची गिटार-स्पीकर सेकंदाला पाचेक हजार कंपनांच्या वर फारसे काही ऐकवतच नाही. घरातल्या संगीतासाठी हा दोष. इथे तो गुण. चेपलेल्या लहरीतली वरची कर्कश खरखर तो गाळून टाकतो आणि उरते ती ऊब. तीच लहर उंच स्वर स्वच्छ वाजवणाऱ्या महागड्या घरगुती स्पीकरवर सोडा, कानात सुया टोचतील. १९६४ मध्ये ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने एका लहान ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने फाडला आणि त्यातून ‘यू रिअली गॉट मी’चा तो गुरगुरणारा आवाज काढला. गिटारीला त्याने हातही लावला नव्हता.

मग गिटारीचे काहीच नाही? तसे म्हटले तर मी दुसरा चुकीचा सल्ला देईन. पिकअप कुठे बसवला आहे याने मोठा फरक पडतो : तारेच्या बरोबर एक-चतुर्थांशावर असला तर मोकळ्या तारेचा चौथा स्वयंभू स्वर त्याला ऐकूच येत नाही, कारण तिथे तार त्या स्वरापुरती स्थिर असते. एक कॉइल की दोन, वेढे किती, केबल किती लांब (लांब केबल आवाज मंदावते) हे सारे मोजता येते. ॲम्प्लिफायर स्वच्छ, न चेपता वाजत असेल तर हे फरक लख्ख ऐकू येतात. चेपणे वाढत जाते तसे ते पुसट होतात. लाकडाचा वाटा मला या सगळ्यानंतर, फार मागे, कुठे तरी दिसतो. पिकअपला लाकूड ऐकू येत नाही, हलणारी तार ऐकू येते. शिवाय वादकाची बोटे आहेतच. तार घोडीजवळ छेडली की मानेकडे, नखाने की मांसल बोटाने, हे आधीच ठरून मग वीज सुरू होते. हातात नीट न बसणारी गिटार चांगला हातही आखडवते. वादकाला गिटार मोठी वाटते ती यामुळे. त्याचे सारे बोलणे तिच्याशी चालते. श्रोत्याला मात्र ऐकू येतो तो कागदी शंकू.

श्रोते किती फसतात याचे दोन दाखले पुरेत. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ध्वनिमुद्रिकेसाठी लेस पॉल गिटार मार्शलमधून, स्टुडिओत तेव्हा कोणी वाजवू देत नसे इतक्या मोठ्याने वाजवली. मागणी नाही म्हणून गिब्सनने काही वर्षांपूर्वीच त्या गिटारीचा तो घाट बंद केला होता. या मुद्रिकेनंतर वादक जुन्या लेस पॉल शोधत फिरू लागले आणि १९६८ मध्ये कंपनीला तो घाट पुन्हा काढावा लागला. श्रेयाचा मोठा भाग गिटारीला गेला. दुसरा दाखला उलटा. लेड झेपलिनची पहिली मुद्रिका ऐकून असंख्य लोकांनी जिमी पेजच्या हाती लेस पॉल आहे असे मानले. प्रत्यक्षात तिच्यावर मुख्यतः टेलिकास्टर होती आणि तिला जोडला होता सुप्रोचा एक लहान ॲम्प्लिफायर. गिटार कोणती हे जाणकार कानांनाही ओळखता आले नव्हते. कॅसेटवर ऐकणाऱ्या मिरजेतल्या मुलाकडून काय अपेक्षा करणार?

नवी गिटार घेतली तेव्हा त्याने जुनी देशी गिटार माझ्याकडे टाकली होती. दोन वर्षांपूर्वी माळा आवरताना ती सापडली आणि शेजारीच वडिलांच्या वेळचा व्हॉल्व्हचा रेडिओ. त्यातला शेवटचा व्हॉल्व्ह ईएल ८४. बीटल्स वापरत त्या व्हॉक्स एसी ३० मध्ये हेच चार असतात. रेडिओच्या पाठीला ग्रामोफोन जोडायची भोके होती. मध्ये आणखी एका व्हॉल्व्हची पायरी बांधली, गिटार जोडली, बटण शेवटपर्यंत फिरवले. (घरी करून पाहू नये. बिनट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्ये सांगाड्यावरच घरातली वीज खेळत असते आणि गिटारीच्या तारा थेट त्याला जोडल्या जातात. माझ्या सेटला ट्रान्सफॉर्मर आहे, तरी मी दोनदा तपासले.) मला गिटार येत नाही. एक तार नुसती छेडली. आठ इंची जुन्या कागदातून तो भरदार, किंचित खरखरीत आवाज निघाला आणि खोलीत रेंगाळला.

त्या मुलाचा नंबर शोधून फोन केला. आता तो पन्नाशीकडे आला आहे, वडील राहिले नाहीत, कर्जावरची गिटार कधीच विकली. फोन स्पीकरजवळ धरून मी तार पुन्हा छेडली. “काका, फोनवर कसं कळणार?” तो म्हणाला. खरेच होते, त्याच्या कानाशी नखाएवढा स्पीकर होता. दिवाळीत येतो म्हणाला आहे. रेडिओ मी अजून माळ्यावर चढवलेला नाही.