घोडा गायब, उत्सव हाऊसफुल्ल!

काळा घोडा फेस्टिव्हल सुरू झाला १९९९ मध्ये. ज्याच्यावरून हे नाव पडलं तो घोड्याचा पुतळा चौकातून हलवला होता १९६५ मध्ये. म्हणजे २०१७ मध्ये नवा घोडा येईपर्यंत तब्बल १८ वर्षं मुंबईकर ज्याच्या नावाने सेल्फी काढत होते, तो स्पॉटवर नव्हताच! माहीत होतं का?

थांबा, खरी गंमत पुढेच आहे. घोड्यावर बसले होते ब्रिटनचे युवराज एडवर्ड, म्हणजे नंतरचे राजे सातवे एडवर्ड. पुतळा शहराला भेट दिला अल्बर्ट ससून यांनी, १८७९ मध्ये. ससून घराणं बगदादी ज्यूंचं. इंग्रज राजपुत्र, पैसा ज्यू व्यापाऱ्याचा आणि आपल्या लोकांनी लक्षात काय ठेवलं? घोडा! स्वार कोण, याची पंचाईत कुणी केली नाही.

१९६५ मध्ये स्वारी हलली ती थेट भायखळ्याच्या राणीबागेत. आता ही राणी कोणती? व्हिक्टोरिया. एडवर्ड यांच्या मातोश्री! पोरगं निमूटपणे आईच्या बागेत जाऊन बसलं.

२०१७ मध्ये काळा घोडा चौकात नवा घोडा आला. तोही काळाच, पण पाठ मोकळी. कुणाला बसवायचं यावरून होणारे वाद आधीच मिटले. या शहराने घेतलेल्या सर्वात शहाण्या निर्णयांपैकी हा एक, असं आमचं प्रामाणिक मत.

नऊ दिवसांचा हा फेस्टिव्हल, प्रवेश फुकट. पण स्टॉलवरचे कानातले बघून झाले की मान जरा वर करा. पारशी दात्याच्या देणगीतून उभी राहिलेली जहांगीर आर्ट गॅलरी, ज्यू दात्याच्या नावाची डेव्हिड ससून लायब्ररी आणि गल्लीत शिरलात तर १८८४ चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग. निळं-पांढरं आणि दिसायला एकदम झकास. सगळं चालत पाच मिनिटांत. शेजारची पूर्वीच्या वॉटसन हॉटेलची इमारत विसरू नका. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दाखवला गेला तो तिथे. फर्स्ट डे, फर्स्ट शो म्हणतात तो हा!

राणीबागेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. घारापुरीला पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटलं ते तिथल्या दगडी हत्तीमुळे. तो हत्ती आज कुठे आहे, माहीत आहे का? घारापुरीवर नाही! १८६४ मध्ये साहेबांनी त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला. उचलताना हत्ती कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते राणीबागेत आले आणि १९१४ मध्ये जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. व्हिसा नाकारला जाण्याची ही जरा जास्तच जुनी केस.

हा हत्ती ज्याच्या अंगणात उभा आहे ते भाऊ दाजी लाड म्युझियम. १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेलं, मुंबईतलं पहिलं. देणगीदारांची यादी वाचा: जगन्नाथ शंकरशेट, डेव्हिड ससून, जीजीभॉय. नाना, सेठ आणि बावाजी एकाच पावतीपुस्तकावर! १९७५ पासून म्युझियमला नाव आहे ते मूळच्या गोव्याच्या एका मराठी डॉक्टरांचं.

वरच्या मजल्यावर जा. काचेच्या कपाटांत मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत. मुंबईतल्या जाती-जमाती, ज्याचा त्याचा वेश, ज्याची त्याची पगडी. भाटिया वेगळा, पारशी वेगळा, ब्राह्मण वेगळा. तेव्हा माणूस कोण हे डोक्यावरून कळायचं, आता ट्रू कॉलरवरून. तिथे पारशांच्या दखम्याचं, म्हणजे मृतदेह ठेवायच्या मनोऱ्याचं मॉडेलही आहे. खऱ्या दखम्यात बाहेरच्याला पाऊल टाकता येत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळाच. अग्यारी, म्हणजे पारशांचं अग्निमंदिर, आतून कशी असते याचीही उत्सुकता असेल, तर केम्प्स कॉर्नरजवळच्या खरेघाट कॉलनीतलं आलपाईवाला म्युझियम गाठा. तिथे प्रतिकृती आहे.

आता चला माहीमला, आणि थेट पोलिसांकडे. घाबरू नका, चौकशी नाही!

माहीमच्या मखदूम अली माहिमी बाबांची जत्रा डिसेंबरात भरते. चौदाव्या-पंधराव्या शतकातले हे सूफी, भारतात कुराणावर भाष्य लिहिणाऱ्या आद्य विद्वानांपैकी एक. त्यांच्या दर्ग्यावर पहिल्या दिवशी पहिली चादर कुणाची? मुंबई पोलिसांची! बँड वाजतो, मिरवणूक निघते आणि वर्दीतले साहेब डोक्यावर चादरीचं तबक घेऊन चालतात. त्यात हिंदू अधिकारी असतात, ख्रिश्चनही असतात. माहीम पोलीस ठाण्याच्या जागी पूर्वी बाबांचं वास्तव्य होतं, असं मानतात. एरवी ज्यांना बघून गर्दी पांगते, त्यांच्याच मागे इथे गर्दी लागते.

त्याच भागात सेंट मायकल चर्च. दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना, १९४८ पासून. रांगेत उभं राहून बघा: मंगळसूत्रं, बुरखे, कपाळावर गंध. मंगळवारी सिद्धिविनायक आणि बुधवारी माहीम असा वीकली प्लॅन असलेली मंडळी या शहरात पैशाला पासरी सापडतील. शितळादेवीचं देऊळही तिथल्याच लेडी जमशेटजी रोडवर. सिंगल तिकिटात तीन दैवतं!

आणि या लेडी जमशेटजी कोण, माहीत आहे का? अवाबाई जीजीभॉय. माहीम-वांद्र्यामधल्या खाडीत होड्या उलटून माणसं बुडायची. बाईंनी दीड लाखाहून जास्त रुपये स्वतःच्या पदरचे घातले आणि १८४५ मध्ये कॉजवे खुला झाला. अट एकच, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. सध्याच्या टोलवाल्यांनी हा पॅरा दोनदा वाचावा.

तर बाईंच्या कॉजवेवरून वांद्र्याला पोचलात की सप्टेंबरात मोत माउलीची जत्रा. हो, माउंट मेरीला आपले कोळी बांधव मोत माउलीच म्हणतात. चर्चची सध्याची इमारत १९०४ ची. आर्किटेक्ट? शापूरजी चांदाभॉय. पुन्हा पारशी! यांच्याशिवाय या गावात पान हलायचं नाही.

जत्रेत मेणबत्त्यांच्या स्टॉलसमोर पाच मिनिटं उभे राहाच. गुडघा दुखतो? मेणाचा पाय घ्या. हृदयाचं दुखणं? मेणाचं हृदय आहे. मूल हवं तर बाहुली, फ्लॅट हवा तर घर, परदेशी जायचं तर विमान. नवस काय बोललाय ते तोंडाने सांगायची गरज नाही, पिशवीत डोकावलं की कळतं. मुंबईतल्या भावांच्या मानाने मेणाचं घर अजून परवडतं! उतरताना कडियोबोडियो घ्यायला विसरू नका. बेसनाचे तळलेले तुकडे, वर गूळ-आल्याचं कोटिंग. डाएट उद्यापासून.

इथले जुने रहिवासी ईस्ट इंडियन. घरात मराठीची बोली, गळ्यात क्रूस. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्यांनी हे नाव घेतलं. राहतात पश्चिम किनाऱ्यावर आणि नाव ईस्ट! जीपीएसचा दोष नाही, ईस्ट इंडिया कंपनीचा प्रताप आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांचा आगेरा: नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. स्वयंपाकघरात त्यांचा बॉटल मसाला. डझनावारी जिन्नस भाजून, कुटून बिअरच्या बाटलीत ठासलेले. ती बाटली उघडली की चढतो तो फक्त वास!

ज्यू कीर्तन ऐकलंय? अहो, खरंच! बेने इस्राएली, म्हणजे आपल्या मराठी ज्यू मंडळींनी एकोणिसाव्या शतकात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली. आडनावं बघा: दिवेकर, पेणकर, केहिमकर. याच समाजातल्या, पण त्याआधीच्या सॅम्युएल दिवेकरांना टिपूच्या कैदेत दिवस काढावे लागले. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. ते सिनेगॉग आजही मांडवीच्या गर्दीत आहे, आणि रस्ता त्यांच्याच नावाचा: सॅम्युएल स्ट्रीट.

मुंबईत चिनी देऊळ आहे, हे तरी माहीत आहे का? माझगावला, १९१९ चं, सी यूप कून. कॅन्टनच्या खलाशांनी उभारलं. चिनी नववर्षाला तिथे दिवे लागतात, उदबत्त्यांचा धूर होतो आणि कुणीही डोकावू शकतं. तुमच्या नाक्यावरच्या शेझवानचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

आता रेकॉर्ड! किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाच्या गणपतीचा विमा २०२४ मध्ये होता ४००.५८ कोटींचा. २०२५ मध्ये तो गेला ४७४.४६ कोटींवर. बाप्पा, प्रीमियम किती हो? तुम्हाला वाटेल सगळा विमा सोन्याचा. चूक! २०२४ मध्ये दागिन्यांचा वाटा होता ४३.१५ कोटी. सर्वात मोठा हिस्सा, ३२५ कोटी, माणसांचा: स्वयंसेवक, पुजारी, आचारी आणि हो, चपला सांभाळणारेसुद्धा.

चला, कॅलेंडर काढा. फेब्रुवारीच्या आसपास काळा घोडा आणि चिनी नववर्ष, सप्टेंबरात वांद्रे, ऑक्टोबरात आगेरा, डिसेंबरात माहीम. गणपतीची तारीख आम्ही सांगायला नको. आणि भाऊ दाजी लाड म्युझियमला बुधवारी सुट्टी असते. त्या दिवशी नोव्हेना करा!